पिक्सेल दिवे, एक्सलाइट्स आणि माझा तीन मिनिटांचा हट्ट

लुकलुक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

दर सणाला घरासमोर त्याच त्या माळा सोडतो. एक लाल-हिरवी, एक पिवळी, आणि एक अशी, जी निम्म्यापासून पुढे पेटत नाही पण टाकूनही देववत नाही. यंदा डोक्यात किडा शिरलाय. गाण्याच्या ठेक्यावर नाचणारी रोषणाई करायची, तीही घरच्या घरी आणि सॉफ्टवेअरसाठी काही न मोजता.

शोधाशोध करून एक्सलाइट्स नावाचं, गाण्यावर दिवे बसवायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. उघडलं, पाच मिनिटं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं, बंद केलं.

सामान असं: ५ व्होल्टचे डब्ल्यूएस२८११ बुलेट पिक्सेल ३००, एक ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला छोटा बोर्ड), ५ व्होल्ट १० अँपिअरचा पॉवर सप्लाय. जागा: गच्चीचा कठडा, दोन खिडक्या, दारावरची कमान. गाणं तीन मिनिटं दहा सेकंदांचं. हातात सहा आठवडे. सोल्डरिंग येतं, म्हणजे सांधा धरतो. देखणा असतो असं नाही.

सुरुवात कुठून करू? आणि या 'फुकट' सॉफ्टवेअरमध्ये शेवटी काही मेख आहे का? जाहिराती, पंधरा दिवसांनी कुलूप, असलं काही?

खटपट्या

लुकलुकराव, स्वागत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मेख नाही. एक्सलाइट्स नुसतं फुकट नाही, मुक्त आहे. सोर्स कोड उघडा आहे, स्वतःच्या घरावर दिवे लावणाऱ्या हौशी लोकांनीच ते लिहिलंय आणि तेच सांभाळतात. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतं. मेख असलीच तर ती वेळेची आहे. ती पुढे कळेलच.

आता डोक्यात तीन खण करा, नाहीतर सगळ्यांचा काला होतो.

पहिला खण रचनेचा. कुठला दिवा कुठल्या क्षणी कुठल्या रंगात, हे कॉम्प्युटरवर बसून ठरवायचं. याला सीक्वेन्सिंग म्हणतात आणि एक्सलाइट्सचं काम हेच. दुसरा खण वाजवण्याचा. तयार झालेली रचना गाण्यासोबत रोज संध्याकाळी कोणीतरी चालवायला हवी. सुरुवातीला लॅपटॉपवरून एक्सलाइट्सच चालवेल, पुढे रास्पबेरी पाय किंवा बीगलबोन या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर फाल्कन प्लेयर टाकता येतो. तोही मुक्त, सगळे एफपीपी म्हणतात. तिसरा खण कंट्रोलरचा. नेटवर्कवरून आलेले आकडे पिक्सेलला कळणाऱ्या विजेच्या ठोक्यांत बदलणारा. तुमच्या ईएसपी३२ वर डब्ल्यूएलईडी नावाचं मुक्त फर्मवेअर (बोर्डाच्या आत बसणारं सॉफ्टवेअर) चढवा, झाला कंट्रोलर. चढवणं ब्राउझरमधूनच होतं. पहिल्यांदा तो स्वतःचं वायफाय सोडतो, त्याला जोडून ४.३.२.१ हा पत्ता उघडायचा आणि घरच्या वायफायची माहिती द्यायची.

आता पिक्सेल म्हणजे काय ते. साध्या माळेत सगळे दिवे एकाच हुकमाचे ताबेदार. पिक्सेलमध्ये प्रत्येक दिव्यामागे एक चिप असते. ती आलेल्या माहितीतला पहिला घास स्वतः घेते आणि उरलेलं ताट पुढच्याकडे सरकवते. एका पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनल. तुमचे ३०० म्हणजे ९०० चॅनल. नेटवर्कवरून पाठवायची एक पद्धत ई१.३१, तिचं गाठोडं ५१२ चॅनलचं, त्याला युनिव्हर्स म्हणतात. हा ५१२ चा आकडा नाटकाच्या रंगमंचावरच्या दिव्यांसाठी १९८६ साली ठरलेल्या डीएमएक्स५१२ कडून आलाय. एका युनिव्हर्समध्ये पूर्ण १७० पिक्सेल बसतात, दोन चॅनल वाया जातात. तुम्हाला दोन युनिव्हर्स पुरतील.

एक्सलाइट्समध्ये वरचे टॅब डावीकडून उजवीकडे त्याच क्रमानं करा. आधी कंट्रोलर्स, मग लेआउट, मग सीक्वेन्सर. लेआउटमध्ये घराचा समोरून काढलेला फोटो मागे लावा, थोडा अंधुक करा, त्यावर दिवे ओढून ठेवा. कठड्याला पॉली लाइन, कमानीला आर्चेस, खिडक्यांना विंडो फ्रेम. कोणता पिक्सेल पहिला आणि तार कुठल्या दिशेनं जाते हे इथेच नीट सांगायचं. इथे चूक झाली की नंतर धावता दिवा उलटा धावतो आणि माणूस सॉफ्टवेअरला शिव्या घालतो.

आणि हो, तीन मिनिटं दहा सेकंद विसरा. तीस सेकंद करा.

निवांत

वाचतोय. वाखूसा (वाचनखूण साठवली).

तांब्याची तार

सॉफ्टवेअरवाले बोलून झाले असतील तर जरा विजेचं बोलू.

एक ५ व्होल्टचा पिक्सेल पूर्ण पांढरा पेटला की जास्तीत जास्त ६० मिलिअँपिअरच्या आसपास ओढतो, तिन्ही रंगांचे वीस-वीस. ३०० गुणिले ०.०६ म्हणजे १८ अँपिअर, ९० वॉट. तुमचा सप्लाय १० अँपिअरचा. शिवाय सप्लाय पूर्ण ताणायचा नसतो, ८० टक्क्यांवर थांबायचं. म्हणजे हातात ८. घाबरू नका, नवा घ्यायची गरज नाही. ब्राइटनेस ३० टक्क्यांवर बांधून टाका, साडेपाच अँपिअरमध्ये काम होतं. रात्री ३० टक्केही डोळ्यात जातात. पहिल्या वर्षी मी शंभरावर ठेवले होते. समोरच्या घरातल्यांनी तीन दिवस पडदे उघडले नाहीत.

दुसरं, व्होल्टेज गळतं. बारीक तारेतून शंभर-दीडशे पिक्सेल ओलांडले की टोकाचे दिवे पांढऱ्याऐवजी पिवळट, मग तांबूस दिसायला लागतात. दिवे खराब नाहीत. निळ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, लाल २ वर भागवतो. व्होल्टेज उतरलं की निळा आधी मान टाकतो. यावर उपाय म्हणजे सप्लायपासून वेगळी जाड तार काढून दर शंभर पिक्सेलवर पॉवर पुन्हा सोडायची. याला इंजेक्शन म्हणतात. १२ व्होल्टच्या माळांमध्ये हा त्रास कमी, पण तुमचं सामान आलेलं आहे, तेव्हा तो विषय सोडा.

दोन सप्लाय वापरलेच तर दोघांचे ग्राउंड, म्हणजे मायनस, जोडायचे, प्लस एकमेकांना जोडायचे नाहीत. सप्लाय पावसापासून दूर, पण हवा खेळेल अशा डब्यात. बाहेरच्या जोडणीला गळतीवर तुटणारा ब्रेकर हवाच. तारा डब्यात शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे पाणी झोळावरून टपकतं, आत जात नाही.

आणि इंजेक्शनच्या प्रत्येक फाट्यावर फ्यूज. ५ व्होल्टनं शॉक बसत नाही म्हणून लोक हसतात. १० अँपिअर एका बारीक तारेतून गेले की ती तार हीटर होते, तेव्हा कोणी हसत नाही.

मधली सुट्टी

एक अडाणी प्रश्न. रिमोटवाल्या तयार माळा मिळतात, चाळीस प्रकारे लुकलुकतात. एवढा व्याप कशाला?

खटपट्या

अडाणी नाही, रास्त प्रश्न आहे. त्या माळेला गाणं माहीत नसतं, आणि शेजारी दुसरी माळ आहे हेही माहीत नसतं. इथे खिडकीतून निघालेला दिवा कठड्यावरून धावत येऊन कमानीत विझतो. तीन वेगळ्या माळा असल्या तरी बघणाऱ्याला एकच दिवा दिसतो. ज्याला हे नको त्यानं रिमोटची माळच घ्यावी, त्यात कमीपणा नाही. मधला मार्गही आहे. नुसतं डब्ल्यूएलईडी चढवा आणि थांबा. त्यातच शंभरावर इफेक्ट आहेत, फोनवरून निवडायचे. सीक्वेन्सिंगची कटकटच नाही.

जुना_गडी

व्हिक्सन राहिलं. तेही मुक्त आहे आणि मी वर्षानुवर्षं तेच वापरतोय. फक्त विंडोजवर चालतं. एक्सलाइट्सपेक्षा मला ते हाताला सोपं वाटतं, पण हे सवयीचं बोलणं आहे. रंगमंचाचे दिवे, स्पॉट वगैरे ज्यांना हलवायचे आहेत त्यांनी क्यूएलसी प्लस बघावं. आणि ज्यांना रचना करायचीच नाही, गाणं लागेल तसे दिवे आपोआप उड्या मारायला हवेत, त्यांच्यासाठी लेडएफएक्स. आवाज ऐकून लगेच दिवे हलवतं. पार्टीला छान. पण दहा मिनिटांनी सगळी गाणी सारखीच दिसायला लागतात.

अर्धविराम

मी तबला शिकवते, दिवे हा उन्हाळी छंद. सगळे तारांवर बोलले, गाण्यावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय.

लुकलुकदादा, सीक्वेन्सरमध्ये दिसते ती लांब आडवी जाळी म्हणजे वेळ. डावीकडे तुमच्या दिव्यांची नावं, वर गाण्याची लाट. इफेक्ट उचलायचा आणि त्या दिव्याच्या ओळीत हव्या तेवढ्या वेळेवर ठेवायचा. पण त्याआधी टायमिंग ट्रॅक. ठेका कुठे कुठे पडतो त्याच्या उभ्या रेघा. त्या असल्या की इफेक्ट आपोआप रेघेला चिकटतात, नसल्या की सगळं अंदाजपंचे.

या रेघा काढायला व्हॅम्प प्लगइन आहेत, लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातून आलेले. त्यांतला बार अँड बीट ट्रॅकर गाणं ऐकतो आणि मात्रा मोजून देतो. ड्रमवाल्या गाण्यांवर छान चालतो. पण आपण सांगितलं नाही तर तो चार-चार मात्रांचे घर धरून चालतो. मी सहा मात्रांच्या दादऱ्यातलं गाणं दिलं आणि त्यानं बिनदिक्कत सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, भलत्याच जागी ठेवली. अशा वेळी हातानं रेघा मारा. गाणं चालू करायचं आणि ठेक्यावर 'टी' हे बटण दाबत जायचं. दोनदा-तीनदा चुकेल, चौथ्यांदा बसेल. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये खुणा करून त्या आत घेण्याचीही सोय आहे. ज्यांची त्यावर बोटं बसली आहेत त्यांनी तसं करावं.

माझं मुख्य म्हणणं वेगळंच आहे. नवीन माणूस प्रत्येक मात्रेवर सगळे दिवे पेटवतो. पहिली दहा सेकंदं मजा येते, मग डोळे मिटावेसे वाटतात. तबल्यात खाली असते. तीनतालात खालीच्या भागात डग्गा गप्प होतो, आणि तो गप्प होतो म्हणूनच सम आल्यावर मान हलते. दिव्यांतली खाली म्हणजे काळोख. कडवं चालू असताना एकच खिडकी मंद जागी ठेवा. कठडा पूर्ण काळा. ध्रुवपदाला सगळं उघडा. ३०० दिवे आहेत म्हणून ३०० पेटलेच पाहिजेत असं कुठे लिहिलंय? मी एकदा हिशोब केला होता. माझ्या बऱ्या जमलेल्या रचनेत कुठल्याही क्षणी साधारण पाव हिस्सा दिवेच पेटलेले होते. यानं 'तांब्याची तार' यांनी काढलेला अँपिअरचा प्रश्नही सुटतो.

रंग दोन ठेवा, फार तर तीन. इंद्रधनुष्य हा इफेक्ट मी कायद्यानं बंद करेन.

मधली सुट्टी

इंद्रधनुष्यावर इतका राग?

अर्धविराम

हो.

लुकलुक

बापरे, एवढे सविस्तर प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. ठरलं, तीन मिनिटं सोडली. गाण्यातले ४८ सेकंद कापून घेतलेत, ध्रुवपद, एक कडवं, पुन्हा ध्रुवपद. डब्ल्यूएलईडी चढलं, फोनवरून दिवे पेटले, घरच्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्या तेव्हा हे दिसलं:
अ) लाल मागितला की हिरवा येतो.
आ) पहिला पिक्सेल मधूनच वेड्यासारखा चमकतो आणि त्याच्या पाठोपाठ पूर्ण माळ थरथरते. बोर्ड घरात आहे, पहिला पिक्सेल तिथून चार मीटरवर.

तांब्याची तार

अ) रंगांचा क्रम. काही चिप लाल-हिरवा-निळा ऐकतात, काही हिरवा-लाल-निळा. डब्ल्यूएलईडीच्या एलईडी सेटिंगमध्ये क्रम बदला. तिथेच बदला आणि एक्सलाइट्समध्ये हात लावू नका. दोन्हीकडे बदललंत की पुन्हा मूळ पदावर.

आ) ईएसपी३२ चा डेटा ३.३ व्होल्टचा. ५ व्होल्टवर चालणाऱ्या चिपला 'हो' समजायला साधारण ३.५ लागतात, पुरवठ्याच्या ०.७ पट. टेबलावर वीतभर तारेवर ते निभतं, चार मीटरवर निभत नाही. मध्ये लेव्हल शिफ्टर बसवा, म्हणजे ३.३ चा डेटा ५ व्होल्टवर नेणारी चिप, ७४एएचसीटी१२५ किंवा ७४एचसीटी२४५. तो बोर्डाजवळ, त्याच्या पायाशी लहान रेझिस्टर. बोर्ड आणि माळ यांचं ग्राउंड एक आहे ना, ते आधी बघा. निम्मी वेडी माळ तिथेच शहाणी होते.

एक जुगाडही आहे. बोर्डाजवळ एकच जास्तीचा पिक्सेल जोडायचा, तो डेटा नव्यानं ताजा करून पुढे सोडतो. प्रत्येक पिक्सेल हे करतोच. तो रचनेत मोजायचा नाही. एक्सलाइट्समध्ये त्याला नल पिक्सेल म्हणून सांगता येतं.

फ्यूज घातले का?

लुकलुक

ग्राउंड! ग्राउंडची तार स्क्रूखाली नुसती टेकलेली होती. आवळल्यावर थरथर गेली. चमक थोडी राहिली होती, ती शिफ्टर लावल्यावर गेली. रंगही जागेवर आले.

गाणारं_तोंड

धाग्यात घुसतोय, क्षमस्व. मला गाणारा चेहरा करायचाय, डोळे-ओठ असलेला, गाण्याच्या शब्दांवर तोंड हलवणारा. पण एक्सलाइट्समध्ये मराठी शब्द टाकले की पुढे सरकतच नाही. कोणी केलंय का?

खटपट्या

केलंय, घाम गाळून. फेसेस इफेक्टमागे एक शब्दकोश असतो, शब्द दिला की तो उच्चारांत फोडतो. तो शब्दकोश इंग्रजीचा. मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहायचा आणि त्याची फोड स्वतःच्या शब्दकोशात घालायची. फार नाही, गाण्यात वेगळे शब्द असून असून किती असतात.

आणि घाबरण्यासारखं काहीच नाही, कारण तोंडाचे आकार मुळात दहाच. त्यातला एक मिटलेल्या ओठांचा, म-ब-प साठी. शाळेत ओष्ठ्य वर्ण घोकले होते ना, प फ ब भ म? ते पाचही त्याच एका आकारात जातात. दुसरा 'आ'चा उघडा, 'ओ'चा गोल, 'उ'चा चंबू, दात ओठाला टेकलेला एक, आणि एक विश्रांतीचा. बाकी क, ट, त, च यांचं बाहेरून काही दिसत नाही, त्यांना 'इत्यादी' नावाचाच एक आकार दिलाय. त्यातही घाई असेल तर फक्त 'आ', 'ओ' आणि मिटलेले ओठ बरोबर पाडा. रस्त्यावरून बघणाऱ्याला पुरतं. माणूस ओठ मिटणं पटकन टिपतो. 'माझ्या'च्या 'म'ला तोंड उघडं राहिलं की लगेच खोटं वाटतं.

गाणारं_तोंड

ओष्ठ्य वर्णांचा आयुष्यात उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. धन्यवाद.

लुकलुक

पंधरा दिवसांनी हजेरी. ४८ सेकंदांपैकी ३१ झाले. हिशोब ऐका, एका सेकंदाच्या रचनेला सरासरी वीस-पंचवीस मिनिटं लागताहेत. आता कळलं खटपट्यांनी तीस सेकंद का म्हटलं ते.

अर्धविरामताईंचं ऐकून कडव्यात एकच खिडकी ठेवली. घरच्यांनी विचारलं, बाकीचे बंद पडले का. मी म्हटलं, थांबा. ध्रुवपदाला कठडा उघडला तेव्हा कोणी काही बोललं नाही. एवढं पुरे होतं.

आता नवं दुखणं. लॅपटॉपच्या पडद्यावर सगळं लोण्यासारखं, कठड्यावर मात्र अडखळत. दिवा धावता धावता थबकतो आणि मग एकदम तीन पावलं उडी मारतो. शिवाय मंद रंग पडद्यावर छान दिसतात, बाहेर जवळजवळ काळे.

खटपट्या

अडखळणं वायफायचं. रचना सेकंदाला किती चौकटींची केलीत? नवीन सीक्वेन्स उघडताना विचारतं, २५ मिलिसेकंद की ५०. २५ म्हणजे सेकंदाला ४० चौकटी, ५० म्हणजे २०. वायफायवर ५० घ्या, डोळ्याला फारसा फरक पडत नाही.

दुसरं, ई१.३१ मल्टिकास्टवर असेल तर ते सोडा. मल्टिकास्ट म्हणजे गल्लीत ओरडून सांगणं, वायफायला ते जड जातं. युनिकास्ट घ्या, कंट्रोलरच्या पत्त्यावर थेट. त्याहून बरं म्हणजे डीडीपी, पाठवायची दुसरी पद्धत. ई१.३१ एका पाकिटात १७० पिक्सेल नेतं, डीडीपी ४८०. तुमची पूर्ण माळ एका पाकिटात जाईल, दोन पाकिटांतलं एक उशिरा आलं हा प्रकारच उरणार नाही. डब्ल्यूएलईडीला दोन्ही समजतात. आणि त्याच्या वायफाय सेटिंगमध्ये वायफायची झोप बंद करण्याची एक खूण आहे, ती करा.

हे सगळं करूनही भागलं नाही तर नेटवर्कची केबल लागणारा ईएसपी३२ बोर्ड. शेवटी सगळे तिथेच येतात.

जाता जाता एक. पुढच्या वर्षी हजार पिक्सेल एकाच तारेवर ओढण्याचा मोह होईल. एका पिक्सेलची माहिती तारेवरून जायला ३० मायक्रोसेकंद लागतात. तुमच्या ३०० ला ९ मिलिसेकंद, ठीक. हजाराला ३०, म्हणजे २५ च्या चौकटीत ते मावतच नाहीत. तेव्हा माळा वेगवेगळ्या पोर्टवर वाटा.

जुना_गडी

मंद रंग काळे दिसतात याचं कारण बहुतेक गॅमा दोनदा लागतोय. डोळ्याला प्रकाश सरळ रेषेत वाढताना दिसत नाही, म्हणून आकडे वाकवावे लागतात, त्याला गॅमा म्हणतात. तुम्ही एक्सलाइट्समध्ये गॅमा घातला असेल आणि डब्ल्यूएलईडीही स्वतःचा घालत असेल तर मंद रंग दोनदा दबतात. डब्ल्यूएलईडीच्या सिंक सेटिंगमध्ये बाहेरून येणाऱ्या माहितीवरचा गॅमा बंद करता येतो. एकाच ठिकाणी ठेवा.

आणि शक्यतो अंधारात, प्रत्यक्ष दिव्यांकडे बघत रंग ठरवा. पडद्यावरचा तपकिरी दिव्यात नसतोच. तिथे तो मळका नारिंगी होतो.

निवांत

एक सुचवू? झटक्यात चमकवणारा स्ट्रोब बेतानं. माझ्या घरात एकीला अपस्माराचा त्रास आहे, आम्ही असे देखावे लांबूनच टाळतो. वेबसाइटसाठी जो सर्वमान्य नियम आहे, एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा चमक नको, तोच इथे पाळला तरी खूप. आणि आवाज. दिवे बघणाऱ्यासाठी असतात, गाणं मात्र न बघणाऱ्यालाही ऐकावं लागतं.

अर्धविराम

+१. स्ट्रोब हा इंद्रधनुष्याचा सख्खा भाऊ.

लुकलुक

निवांत, बरं झालं सांगितलंत. शेवटच्या ध्रुवपदात सेकंदाला आठ चमका ठेवल्या होत्या. काढल्या. त्या जागी कमानीच्या मध्यातून दोन्ही बाजूंना हळू पसरणारा पिवळा ठेवला. खरं सांगायचं तर तो जास्त शोभतोय.

डीडीपी, ५० मिलिसेकंद, झोप बंद, शिवाय राउटर खिडकीत आणला. अडखळणं गेलं. गॅमा खरंच दोनदा लागत होता.

रोज लॅपटॉप बाहेर मांडून बसणं जमणार नाही म्हणून कपाटातला जुना रास्पबेरी पाय ३ काढून त्यावर एफपीपी टाकलं. एक्सलाइट्समधून एफपीपी कनेक्ट म्हटलं की रचनेची एफएसईक्यू फाइल आणि गाणं दोन्ही तिकडे जातं. वेळापत्रकात सात ते साडेनऊ घातलं. आता अडचण एवढीच की शेवटाकडे दिवे गाण्याच्या किंचित मागे पडतात. सुरुवातीला नाही, चाळिसाव्या सेकंदानंतर.

खटपट्या

गाण्याची एमपी३ व्हेरिएबल बिटरेटची असणार, म्हणजे सेकंदाला साठवलेली माहिती कमी-जास्त होणारी. त्यात 'आत्ता आपण कुठे आहोत' याचा हिशोब घसरतो. ऑडॅसिटीत उघडून कॉन्स्टंट बिटरेटनं पुन्हा साठवा, तीच फाइल एक्सलाइट्समध्येही लावा. आणि स्पीकर ब्लूटूथचा असेल तर तो आवाजच उशिरा देतो. पण ते सुरुवातीपासून मागे पडेल. तुमचं हळूहळू वाढतंय म्हणजे फाइलच.

लुकलुक

फाइलच होती.

झालं मंडळी. काल संध्याकाळी सातला आपोआप सुरू झालं, मी हात न लावता. ३०० पैकी २१२ पिक्सेल वापरले. दुसरी खिडकी सोडूनच दिली, तिचे उरलेले पुढच्या वर्षासाठी डब्यात. एक आजोबा चालायला निघालेले, पहिल्या फेरीला थांबले, दुसऱ्या फेरीला कडवं येताच स्वतःहून म्हणाले, "आता बघ, आता सगळं उघडेल." त्यांना ते एकदाच पाहून पाठ झालं होतं.

मधली सुट्टी

व्हिडिओ टाका की. आणि तुमची फाइल मिळेल का? रिमोटची माळ परत करून आलोय.

लुकलुक

हाहा, स्वागत! व्हिडिओ टाकतो, पण गाणं दुसऱ्याचं असल्यानं आवाज काढून. एक्सलाइट्सचं पूर्ण फोल्डर देतो. त्यात घराची मांडणी एका एक्सएमएल फाइलमध्ये असते, 'आरजीबी इफेक्ट्स' असं नाव आहे, आणि रचना एक्सएसक्यू फाइलमध्ये. तुमचं घर वेगळं असलं तरी चालेल. तुमची मांडणी आधी करा, मग इम्पोर्ट इफेक्ट्समधून माझा कठडा तुमच्या खिडकीवर, माझी कमान तुमच्या जिन्यावर अशी जोडी लावायची. गाणं तेवढं तुमचं तुम्ही आणा.

तांब्याची तार

अभिनंदन. फ्यूज?

लुकलुक

घातले हो. तिन्ही फाट्यांवर. फोटो टाकतो.